भिंतीतल्या प्लगपासून इंजिनाच्या चाकापर्यंत : जुन्या लायनेल गाड्यांची वीजदुरुस्ती

माळ्यावरून, तळघरातून किंवा कुणाच्या घराबाहेर विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून मिळालेली, लायनेल या अमेरिकन कंपनीची विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी रुळांवर ठेवावी, ट्रान्सफॉर्मरचे हँडल फिरवावे आणि ती जागची हलू नये, असे झाले की बहुतेकांचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. इंजिनाचे कवच निघते, मोटर सुटी होते, साठ-सत्तर वर्षे जागच्या जागी राहिलेल्या वायरी ताणल्या जाऊन तुटतात, आणि मग कधीतरी लक्षात येते की खोट रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या एका गंजलेल्या पिनेत होती. या गाड्यांची तांब्याची वाइंडिंग क्वचितच जळतात. बिघडतात ते जोड, म्हणजे जिथे एक धातू दुसऱ्याला नुसता टेकलेला, चिमटलेला किंवा डाखलेला असतो त्या जागा. म्हणून दुरुस्ती नेहमी भिंतीतल्या प्लगपासून सुरू करून चाकाच्या दिशेने, एकेक टप्पा पारखत करावी, आणि आधीचा टप्पा निर्दोष ठरल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये.

जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी सुरू केली. येथे ज्या गाड्यांविषयी लिहिले आहे त्या १९४५ ते १९६९ या काळातल्या, ओ गेजच्या (हे रुळांमधल्या रुंदीचे एक माप) आहेत. मी राहतो त्या न्यू जर्सीतच, आयर्विंग्टन आणि हिलसाइड या गावांच्या हद्दीवर, त्यांचा कारखाना होता, त्यामुळे या भागातल्या जुन्या घरांतून त्या अजूनही बाहेर पडतात. इकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत त्या मुलांसाठी म्हणून येतात आणि वडिलांच्या टेबलावर मुक्काम करतात. काहींचा पुढचा प्रवास पुण्या-मुंबईपर्यंतही होतो. त्या प्रवासात विजेची एक खास अडचण येते, तिच्याकडे ट्रान्सफॉर्मरच्या भागात वळतो.

आधी विजेचे मंडल, म्हणजे सर्किट, समजून घेऊ. रूळ तीन असतात. मधला रूळ खालच्या पत्र्याच्या स्लीपरपासून काळ्या पुठ्ठ्यासारख्या इन्शुलेशनने वेगळा ठेवलेला असतो, आणि बाहेरचे दोन रूळ स्लीपरमार्फत एकमेकांना जोडलेले असतात. ट्रान्सफॉर्मरमधून निघालेला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह मधल्या रुळातून इंजिनाखालच्या रोलरवर चढतो, मोटरमधून जातो आणि चाकांवाटे बाहेरच्या रुळांत उतरून परत येतो. मोटर सिरीज पद्धतीची असते, म्हणजे स्थिर फील्ड कॉइल आणि फिरणारे आर्मेचर एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एसीत प्रवाहाची दिशा सेकंदाला कितीही वेळा उलटली, तरी ती दोन्हींत एकदमच उलटते, त्यामुळे मोटर एकाच दिशेने फिरत राहते. तिला उलटे फिरवायचे असेल तर दोहोंपैकी एकाचीच टोके अदलाबदल करावी लागतात. हे काम इंजिनातला ई-युनिट नावाचा छोटा यांत्रिक भाग करतो, आणि तक्रारींचे निम्मे खापर त्याच्यावरच फुटते.

हत्यारांत साधा मल्टिमीटर, चाळीस ते साठ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, आत राळ असलेली डाखाची तार, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, लाकडी टूथपिक आणि बारीक चिमटा एवढे पुरे. नळकामातला आम्लयुक्त फ्लक्स चुकूनही वापरू नये. डाख त्या दिवशी सुंदर बसतो आणि वर्षभरात वायर आतून हिरवी होऊन तुटते. प्रत्येक भाग सोडवण्याआधी मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढावेत. वायरींचे मूळ रंग इतके विटलेले असतात की लाल कोणती आणि तपकिरी कोणती हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

ट्रान्सफॉर्मर

पहिला नियम असा की जुना ट्रान्सफॉर्मर घरी आणल्याबरोबर प्लगमध्ये खुपसू नये. आधी त्याची वायर पूर्ण लांबीभर बोटांतून सरकवत, जागोजागी हलकेच वाकवून पाहावी. त्या काळचे रबर वाळून भेगाळते, आणि वायर जिथे बेकेलाइटच्या खोक्यात शिरते त्या दोन-तीन इंचांत ती सर्वांत वाईट असते. भेग दिसली तर टेप गुंडाळू नये, वायर बदलावी. खोके उघडून जुनी वायर कुठे डाखली आहे ते पाहावे, नवी तितक्याच जाडीची घ्यावी, आत शिरल्यावर तिला गाठ मारावी, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी ती डाखावर येत नाही, आणि प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवावी. खोक्याचे स्क्रू परत लावताना हात हलका ठेवावा, कारण जुने बेकेलाइट तडकले की सांधत नाही. ज्याने घरच्या विजेचे काम कधी केलेले नाही त्याने एवढा भाग जाणत्या माणसाकडून करून घ्यावा. रुळावरचे अठरा-वीस व्होल्ट हाताला चटका देण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत, पण या खोक्यातली आतली बाजू जीव घेऊ शकते.

वायर बदलल्यावर, प्लग भिंतीत नसताना, मल्टिमीटर सर्वांत वरच्या ओहम रेंजवर ठेवून प्लगची एक पिन आणि रुळाकडे जाणारा एक टर्मिनल यांच्यात माप घ्यावे. काहीही वाहता कामा नये. त्यानंतर पहिला वीजपुरवठा, आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात, त्यातून द्यावा, म्हणजे शंभर वॉटचा तारेचा बल्ब ट्रान्सफॉर्मरच्या मालिकेत येईल अशी जोडणी करावी. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर आतले वाइंडिंग ठीक आहे, आणि झगझगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्बाने ही परीक्षा होत नाही, त्यामुळे तारेचा एक जुना बल्ब जपून ठेवलेला बरा. नंतर बल्ब काढून, काही न जोडता, ट्रान्सफॉर्मर तासभर चालू ठेवावा. तो तळहात टेकवता येईल इतका कोमट राहायला हवा. तापून वार्निशचा वास येऊ लागला तर तो ट्रान्सफॉर्मर शोभेसाठी कपाटात ठेवावा.

लायनेलच्या ट्रान्सफॉर्मरांत झेडडब्ल्यू हा सर्वांत नावाजलेला. तो १९४८ मध्ये आला, आधी २५० वॉटचा होता आणि १९५० पासून २७५ वॉटचा झाला. त्याच्या दोन मोठ्या हँडलांचे टर्मिनल ए आणि डी, दोन छोट्या नॉबांचे बी आणि सी, आणि सर्वांचा सामायिक टर्मिनल यू. हँडल फिरवले की आत एक कार्बनचा रोलर उघड्या तांब्याच्या वेढ्यांवरून सरकतो, आणि ज्या वेढ्यावर तो टेकेल तितके व्होल्ट बाहेर मिळतात. हा रोलर झिजून सपाट झाला, त्याला खाच पडली किंवा तो आपल्या कण्यावर डुगडुगू लागला, की हँडलच्या ठरावीक जागी गाडीला गचके बसतात आणि आत ठिणग्या उडतात. रोलर मिळतात, ते बदलावेत. वेढ्यांचा उघडा भाग अल्कोहोलच्या काडीने पुसावा, काळेपणा जाईना तर शाळेतल्या साध्या खोडरबराने घासावा, पण पॉलिश पेपर लावू नये, कारण त्याने निघालेली तांब्याची पूड दोन वेढ्यांच्या मध्ये अडकते आणि नवा शॉर्ट होतो.

झेडडब्ल्यूचा सर्किट ब्रेकर यू टर्मिनलच्या मार्गात बसवलेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ए आणि यू यांच्यात शॉर्ट झाला तर तो, काहीशा आळसाने का होईना, तुटतो. पण लेआउटचा, म्हणजे मांडलेल्या रुळांच्या जाळ्याचा, एक भाग ए वर आणि दुसरा डी वर असेल, दोन्ही हँडले वेगवेगळ्या जागी असतील आणि इंजिनाचे दोन रोलर नेमके दोन भागांच्या सीमेवर उभे राहतील, तर प्रवाह ए मधून रोलरांमार्फत डी मध्ये जातो, यू ला शिवतही नाही, आणि ब्रेकर स्वस्थ बसून राहतो. अशा वेळी रोलरांना जोडणारी इंजिनातली बारीक वायर प्रथम तापते. म्हणून ए, बी, सी, डी यांतल्या वापरात असलेल्या प्रत्येक टर्मिनलवर जलद तुटणारा वेगळा ब्रेकर किंवा फ्यूज बाहेरून बसवावा. साध्या लेआउटला सात ते दहा अँपिअरचा चालतो. पूर्वीच्या गाडीला हा उपाय फायद्याचा आहे, आणि त्याच रुळांवर इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली नवी गाडी चालवायची असेल तर अनिवार्य आहे.

आता भारताकडे नेण्याची अडचण. हे ट्रान्सफॉर्मर सुमारे ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेले आहेत. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असतात. स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लावून व्होल्ट अर्धे केले तरी हर्ट्झ तेच राहतात, आणि कमी हर्ट्झवर त्याच व्होल्टला लोखंडी गाभ्यात जास्त चुंबकत्व साठते, गाभा संपृक्त होतो आणि ट्रान्सफॉर्मर रिकामाच तापू लागतो. हिशोब सोपा आहे. व्होल्ट आणि हर्ट्झ यांचे प्रमाण कायम ठेवायचे तर ११५ ला ५० ने गुणून ६० ने भागावे, उत्तर सुमारे ९६ येते. म्हणून स्टेप-डाउनच्या पुढे डिमरस्टॅट (व्होल्ट हवे तसे कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून पुरवठा ९५ व्होल्टच्या आसपास ठेवावा. रुळावरचे व्होल्ट त्याच प्रमाणात कमी मिळतील, पण गाडीला तेवढे पुरतात. प्रवासात केस वाळवण्याच्या यंत्रासाठी विकतात ते हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर मात्र इथे निरुपयोगी आणि घातक आहेत, कारण ते विजेची लाट कापून देतात. स्टेप-डाउन जड, खऱ्या लोखंडी गाभ्याचाच हवा.

वायरी आणि रूळ

ट्रान्सफॉर्मर पारखला गेला की दोन वायरी रुळांपर्यंत न्याव्यात. रुळाला चिमटणाऱ्या लॉकऑनवर १ आणि २ असे आकडे असतात. १ म्हणजे मधला रूळ, २ म्हणजे बाहेरचा. वायर बारीक घेण्याचा मोह टाळावा. ट्रान्सफॉर्मरपासून रुळाचे टोक दहा मीटरवर असेल आणि गाडी दिव्यांच्या डब्यांसह पाच अँपिअर खात असेल, तर ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाण्यायेण्यात साडेतीन व्होल्टच्या आसपास गळतात, तर १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सव्वा व्होल्टपेक्षाही कमी. मोठा लेआउट असेल तर दर सहा-आठ तुकड्यांमागे एक नवी जोडणी द्यावी.

रुळांची परीक्षा करताना मल्टिमीटरच्या बीपवर विश्वास ठेवू नये, कारण ती हमखास खोटी साक्ष देते. कंटिन्युइटी तपासताना मीटर जो प्रवाह सोडतो तो इतका क्षुल्लक असतो की गंजलेल्या पिनेतूनही आरामात निघून जातो, आणि त्याच पिनेतून इंजिनाचे दोन-तीन अँपिअर मात्र जात नाहीत. खरी परीक्षा ओझ्याखाली होते. इंजिन रुळावर हाताने धरून ठेवावे, म्हणजे ते जागच्या जागी चाके फिरवत प्रवाह ओढत राहील, आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलांवर, मग इंजिनाजवळच्या रुळांवर माप घ्यावे. टर्मिनलवर चौदा आणि रुळावर साडेदहा आले, तर वाटेत कुठेतरी साडेतीन व्होल्ट सांडत आहेत. ते कुठे, हे शोधायला मीटरची एक सुई जोडाच्या अलीकडच्या रुळावर आणि दुसरी पलीकडच्या रुळावर टेकवावी. चांगल्या जोडावर काटा जवळपास शून्यावरच राहतो. जिथे अर्धा-पाऊण व्होल्ट दिसतो तिथे चोर सापडला. हे माप घेताना इंजिन सलग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त धरू नये, मोटर तापते.

सापडलेला जोड सोडवून पिन स्वच्छ करावी किंवा बदलावी, आणि रुळाचे पोकळ तोंड पकडीने किंचित दाबून घट्ट करावे. रुळाचा माथा हिरव्या घासणीने आणि अल्कोहोलने पुसला की काळा थर निघतो. लोखंडी काथ्या वापरू नये, कारण त्याचे केसासारखे तुकडे रोलरमधून मोटरकडे ओढले जातात. कथलाचा मुलामा जाईपर्यंतही घासू नये, नाहीतर पुढच्याच पावसाळ्यात तांबूस गंज धरतो.

इंजिन आणि ई-युनिट

ई-युनिट कसा चालतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुस्तकी वर्णनाची गरज उरत नाही. उभ्या नळीभोवती कॉइल गुंडाळलेली असते. वीज आली की नळीतला लोखंडी दांडा वर खेचला जातो, वीज गेली की तो खाली पडतो, आणि या वरखालीत त्याला जोडलेली छोटी आकडी एका ढोलाला एक दात पुढे ढकलते. ढोलावर तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर पितळेसारख्या दिसणाऱ्या पातळ पात्यांची बोटे टेकलेली असतात. ढोल एक दात फिरला की बोटांखालची पट्टी बदलते आणि मोटरची जोडणी बदलते. नेहमीच्या ई-युनिटचा क्रम पुढे, थांबा, मागे, थांबा असा असतो. स्वस्त गाड्यांतला फक्त पुढे आणि मागे एवढेच जाणतो. इंजिनाच्या वर किंवा खाली एक इवलीशी दांडी बाहेर आलेली असते. ती सरकवली की कॉइलचा प्रवाह तुटतो आणि ढोल आहे त्या स्थितीत अडकून राहतो. 'मेलेली' म्हणून विकलेली काही इंजिने केवळ थांब्याच्या स्थितीत ही दांडी सरकवल्यामुळे मेलेली असतात, म्हणून सर्वप्रथम ती पाहावी.

दांडा खाली पडतो तो स्वतःच्या वजनाने. हे वाक्य साधे आहे, पण त्याची किंमत मी एका संध्याकाळीने मोजली आहे. वाफेचे एक इंजिन टॉवेलवर उताणे ठेवून, क्लिपांनी वीज देऊन मी तीन तास ई-युनिटशी झगडत होतो. गुरगुर ऐकू येई, पण ढोल काही फिरेना. बोटे साफ केली, एक डाख नव्याने दिला, कॉइलची मापे दोनदा घेतली, आणि शेवटी कंटाळून इंजिन सरळ करून रुळावर ठेवले, तर ते पहिल्याच झटक्यात मागे धावू लागले. उताण्या इंजिनात दांडा पडणार कुठे? बहुतेक ई-युनिटांची चाचणी इंजिन सरळ उभे असतानाच घ्यावी. मी त्यासाठी दोन लाकडी ठोकळ्यांवर इंजिनाचे टोकाकडचे भाग टेकवतो, म्हणजे चाके अधांतरी राहतात आणि खालून क्लिपा लावता येतात.

दोष मोटरमध्ये आहे की ई-युनिटमध्ये, हे ठरवायला ई-युनिटला बगल द्यावी. त्यातून बाहेरच्या चार जोडण्या असतात, एक रोलरकडून आलेली, दोन ब्रशांकडे (फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांकडे) गेलेल्या आणि एक फील्ड कॉइलकडे गेलेली. फील्डचे दुसरे टोक इंजिनाच्या सांगाड्याला जोडलेले असते. ब्रशांच्या आणि फील्डच्या वायरी ई-युनिटपासून सोडवून एक ब्रश थेट ट्रान्सफॉर्मरच्या वायरीला जोडावा, दुसरा ब्रश फील्डच्या मोकळ्या टोकाला जोडावा, ट्रान्सफॉर्मरची परतीची वायर सांगाड्याला लावावी आणि आठ-दहा व्होल्ट द्यावेत. मोटर फिरली पाहिजे. दोन ब्रशांच्या वायरी अदलाबदल केल्या की उलटी फिरली पाहिजे. हे दोन्ही झाले तर मोटरला सोडून द्यावे आणि ई-युनिटकडे वळावे.

मोटर फिरली नाही तर ब्रश काढून पाहावेत. ते झिजून आखूड झाले असतील किंवा त्यांची स्प्रिंग मऊ पडली असेल तर बदलावेत. कम्युटेटरचे, म्हणजे आर्मेचरच्या ज्या भागावर ब्रश टेकतात त्याचे, तांबे अल्कोहोलने पुसावे आणि त्याच्या तीन भागांमधल्या फटींत साचलेली काळी काजळी टूथपिकने काढावी, कारण कार्बन आणि जुने तेल मिळून ती काजळी वीज वाहू लागते. नंतर मीटर ओहमवर ठेवून कम्युटेटरच्या भागांच्या तिन्ही जोड्यांचे माप घ्यावे. तिन्ही मापे जवळपास सारखी यायला हवीत, आणि कोणत्याही भागापासून आर्मेचरच्या दांड्यापर्यंत काहीही वाहता कामा नये. एक माप भलतेच वेगळे आले तर बहुतेक वेळा वाइंडिंगची तार कम्युटेटरला जिथे डाखलेली असते तिथेच ती सुटलेली सापडते.

ई-युनिट आतून मळला असेल तर तो उघडण्याआधी कागदाची पातळ पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून बोट आणि ढोल यांच्यामधून हळूच ओढावी. पट्टीवर उमटणारी काळी रेघ फिकी होईपर्यंत हे करत राहावे. दांड्याच्या नळीत तेल कधीही घालू नये. सुरुवातीला ते बरे वाटते, महिन्याभरात धूळ धरून चिकट होते, आणि दांडा वरच अडकतो. नळी आणि दांडा फक्त अल्कोहोलने धुवून कोरडे ठेवायचे. बोटे झिजून आरपार गेली असतील किंवा ढोलाचे दात उडाले असतील तर मात्र युनिट उघडावेच लागते. बाजूच्या पत्र्याच्या पाकळ्या अगदी किंचित फाकवल्या की ढोल निघतो. तो परत बसवताना सगळी बोटे एकाच वेळी मागे धरायला माणसाला चार हात हवेत. त्यावर मी शिवणकामाचा दोरा वापरतो. दोऱ्याचा फास बोटांमागे अडकवून ती मागे खेचून ठेवायची, ढोल टाचणीवर बसला की दोरा सोडून ओढून घ्यायचा.

आणि एक उलट प्रकार असतो, त्यात ई-युनिट निर्दोष असतो आणि तरी गाडी चालता चालता आपोआप थांबते किंवा मागे जाऊ लागते. हा रोलरचा किंवा रुळाचा दोष आहे. रोलर क्षणभर मधल्या रुळावरून उचलला गेला की ई-युनिटला वाटते मालकाने वीज बंद केली. रोलरची स्प्रिंग, त्याचा कणा आणि रोलरच्या पट्टीपासून निघणाऱ्या वायरीचा डाख, हे तिन्ही पाहावेत. ती वायर प्रत्येक वळणावर हलत असते, त्यामुळे ती वरून धड दिसली तरी आतून तुटलेली असू शकते. चिमट्याने हलके ओढून पाहिले की इन्शुलेशन रबरासारखे लांबते आणि गुपित फुटते. नवी वायर बारीक आणि अनेक तारांची, चोवीस गेजच्या आसपासची, शक्यतो सिलिकॉन इन्शुलेशनची घ्यावी, कारण ती आयर्नच्या उष्णतेने आक्रसत नाही आणि कडकही होत नाही.

शिट्टी आणि भोंगा

वाफेच्या इंजिनामागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात, शिट्टीची वेगळी छोटी मोटर असते, आणि तिला सुरू करण्याची युक्ती मला आजही चकित करते. रुळावर एसी वाहतच असतो. शिट्टीचा नॉब दाबला की ट्रान्सफॉर्मरमधला रेक्टिफायर (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) त्यात थोडा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, मिसळतो. टेंडरमधला रिले (विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच) एसीला दाद देत नाही, डीसी मिळाला की मात्र खेचला जातो आणि शिट्टीची मोटर रुळाला जोडतो. रिले खेचायला जास्त डीसी लागतो, तो धरून ठेवायला कमी पुरतो, म्हणून नॉबच्या पहिल्या टप्प्यात जोरदार डीसी जातो आणि पूर्ण दाबल्यावर एक रेझिस्टन्स वायर आड येऊन तो कमी होतो.

दुरुस्तीत आधी दोष कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून रुळावर माप घेत नॉब हळूहळू दाबावा. काहीच डीसी दिसला नाही तर रेक्टिफायरची चकती शॉर्ट झाली आहे, नॉब दाबताच गाडीच थांबली तर ती उघडी पडली आहे किंवा नॉबखालचे पाते टेकत नाही. जुन्या चकतीच्या जागी स्क्रूने कसता येणारा, पंचवीस ते पस्तीस अँपिअरचा सिलिकॉन डायोड बसतो. तो जुन्या चकतीच्याच धातूच्या पट्टीवर, उष्णता निघून जाईल असा कसावा. त्या काळच्या रिलेला डीसीची दिशा कोणतीही चालते, पण नवी गाडीही चालवणार असाल तर दिशा जपावी, कारण तिच्यात एका दिशेने शिट्टी आणि दुसऱ्या दिशेने घंटा वाजते.

डीसी येतो आणि शिट्टी गप्प, असे असेल तर दोष टेंडरमध्ये आहे. रिलेच्या टोकांवर पाते काळवंडलेले असते, तिथून अल्कोहोलची कागदी पट्टी ओढावी. डिझेल इंजिनांत शिट्टी नसून भोंगा असतो, आणि कित्येक मॉडेलांत तो इंजिनातच ठेवलेल्या टॉर्चच्या मोठ्या सेलवर चालतो. कुणीतरी तो सेल पन्नास वर्षांपूर्वी आत विसरलेला असतो. असे इंजिन हातात आले की बाकी सर्व सोडून आधी कवच काढावे. जुन्या जस्त-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, ती ओल्या खाण्याच्या सोड्याने पुसावी, अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी व्हिनेगरने, आणि दोन्हींनंतर अल्कोहोलने पुसून कोरडे करावे. तांब्याच्या पाकळीवर हिरवा कळंक चढला असेल तर तो खरवडून तिथे नवा डाख द्यावा.

सांधे

विजेवर चालणाऱ्या सांध्यांत, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या तुकड्यांत, एकच चूक सर्रास होते. ज्या आखूड रुळांवरून गाडीला सांधा आपोआप आपल्या दिशेने वळवून घ्यायचा असतो, त्यांच्या टोकांना लोखंडी पिनेऐवजी इन्शुलेशनची फायबर पिन लागते. ती हरवली आणि तिथे लोखंडी पिन बसवली गेली, तर सांधा एकाच बाजूला ओढलेला राहतो, सतत गुणगुणतो आणि त्याची कॉइल तापते. सांधा उघडण्याआधी या पिना पाहाव्यात.

दोन ट्रान्सफॉर्मर

मोठ्या लेआउटवर दोन ट्रान्सफॉर्मर वापरायचे असतील तर त्यांची लाट एकाच वेळी चढली-उतरली पाहिजे. दोन्हींचे सामायिक टर्मिनल एकमेकांना जोडावेत, दोन्ही हँडले सारख्या व्होल्टवर ठेवावीत आणि मीटर एसीवर ठेवून दोन्हींच्या रुळाकडच्या टर्मिनलांमध्ये माप घ्यावे. शून्याजवळ आले तर जुळले. एकाच्या दुप्पट आले तर एकाचा प्लग उलटा फिरवून लावावा. नव्या रुंद-अरुंद पिनांच्या प्लगमध्ये तो उलटत नाही, तिथे वायरी आतून बदलाव्या लागतात.

इथे एक धोका असा आहे की जो दिसत नाही. दोन ट्रान्सफॉर्मर एकाच रुळांना जोडलेले असताना एकाचा प्लग भिंतीतून काढला, तर दुसऱ्याचे अठरा व्होल्ट रुळांवाटे पहिल्यात उलटे शिरतात, तिथे ते वाढून शंभराच्या वर जातात, आणि हातात धरलेल्या मोकळ्या प्लगच्या पिना जिवंत असतात. म्हणून दोन्ही ट्रान्सफॉर्मर नेहमी एकाच स्विचच्या पट्टीवर असावेत, दोन्ही त्या एकाच स्विचने चालू-बंद व्हावेत, आणि जुळलेल्या स्थितीत दोन्ही प्लगांच्या आणि सॉकेटांच्या एकाच बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यावा, म्हणजे साफसफाईसाठी पट्टी हलवली तरी प्लग परत त्याच बाजूने बसतील.